बॅटरी बदलली आणि गाडी सिग्नलवर बंद पडायला लागली

जून लागला की नागपुरातल्या गॅरेजांत एक ठरलेली तक्रार येते. "चालू तर होते जी, रस्त्यानं पळते बी मस्त. पण सिग्नलवर उभी केली का बंद होऊन जाते." थोडं खोदून विचारलं की मागची कथा निघते. मे महिन्यात घरची मंडळी गावाला गेली होती, गाडी तीन-चार आठवडे टिनाच्या शेडखाली उभी होती. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसती टकटक. मग शेजाऱ्याच्या गाडीला केबल लावून ती जिवंत केली, नाहीतर बॅटरीवाल्याला घरी बोलावून नवी बॅटरी टाकून घेतली. तेव्हापासून हा ताप.

अशा वेळी संशय आधी बॅटरीवाल्यावर जातो. त्यानं जाता जाता काहीतरी हलवून ठेवलं असणार, किंवा डुप्लिकेट माल दिला असणार. गॅरेजवाला घाईत असेल तर फ्युएल पंपाचं नाव घेतो, आणि मग काही हजारांचं बोलणं सुरू होतं. पंप खराब असू शकतो, नाही असं नाही. पण बॅटरी मेल्यानंतर लगेच सुरू झालेल्या या दुखण्याचं मूळ बहुतेकदा बॅटरीच्या कितीतरी आधीचं असतं. ते आतापर्यंत झाकलेलं होतं आणि बॅटरी मेल्यावर उघडं पडलं. ते झाकत कोण होतं हे कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

पेट्रोल गाडीत आपण पाय दाबतो तेव्हा वाढते ती हवा. पेट्रोल किती सोडायचं ते गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, आत आलेल्या हवेवरून ठरवतो. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, त्या हिशेबानं पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडतात. हवेचा दरवाजा असतो एअर फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे. त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. जाडसर ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्या आत फिरणारी एक गोल चकती. पाय दाबला की चकती उघडते, पाय काढला की जवळजवळ मिटते.

गंमत सगळी या 'जवळजवळ'मध्ये आहे. गाडी सिग्नलवर उभी असते तेव्हा इंजिन ७०० ते ८५० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, आसपास फिरतं आणि त्याला लागणारी हवा चकतीच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून येते. १.२ लीटरच्या लहान गाडीचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे असं जागेवर नुसतं चालू असताना, सेकंदाला साधारण दोन ग्रॅम हवा घेतं. तेच इंजिन पूर्ण रेसवर पन्नास ग्रॅमच्या वर ओढतं. आता त्या फटीच्या कडेला काजळीचा पातळ थर बसला असं समजा. पन्नास ग्रॅमच्या प्रवाहाला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन ग्रॅमच्या प्रवाहाचा मात्र तो गळा दाबतो. म्हणून गाडी आउटर रिंग रोडवर ऐंशीनं सुरळीत जाते आणि रहाटे कॉलनी चौकात लाल दिवा लागला की मान टाकते.

हा थर येतो कुठून? धुळीमुळे, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं, धूळ बऱ्यापैकी एअर फिल्टरमध्ये अडकते. मुख्य माल इंजिनाच्या पोटातून येतो. पिस्टनच्या बाजूनं थोडे वायू खाली ऑइलकडे निसटतात, त्यात ऑइलची वाफ मिसळते आणि ते सगळं बाहेर न सोडता एका पाइपातून पुन्हा हवेच्या वाटेत आणून जाळलं जातं. प्रदूषणाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण त्या तेलकट वाफेचा थोडा भाग चकतीच्या कडेवर चिकटतो, वाळतो, काळा होतो. घर ते सीताबर्डी, सीताबर्डी ते घर अशा छोट्या फेऱ्या जास्त असतील आणि ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर हा थर लवकर जमतो.

आता ईसीयूचं काम. थर जमायला वर्षं लागतात, आणि या सगळ्या काळात ईसीयू दर वेळी पाहतो की चकती ठरलेल्या जागी ठेवली तर आरपीएम थोडं कमी पडतंय. मग तो चकती कणभर जास्त उघडी ठेवतो, पुढच्या महिन्याला आणखी कणभर. जुन्या, केबलच्या थ्रॉटलच्या गाड्यांत हेच काम आयडलिंगचा वेगळा छोटा व्हॉल्व्ह करतो. हा शिकलेला आकडा तो आपल्या स्मरणात ठेवतो, म्हणजे उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून चाचपडायला नको. मालकाला यातलं काही कळत नाही. त्याची गाडी छान चाललेली असते.

पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. घरच्यांना ते जरा उचलून, खांद्यानं रेटून उघडायचं हे इतकं सवयीचं असतं की दार बिघडलंय हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पाहुणा येतो, कडी काढतो, ढकलतो, आणि आतून कुलूप आहे म्हणून हाका मारत बसतो.

बॅटरी पूर्ण उतरली किंवा टर्मिनल काढलं की अनेक गाड्यांच्या ईसीयूची ही शिकवणी पुसली जाते, कारण ती ठेवलेली असते सतत वीज मागणाऱ्या स्मृतीत. गाडी बंद असतानाही तिथे बॅटरीतून बारीकसा प्रवाह जात असतो, तो तुटला की पाटी कोरी. मग ईसीयू कारखान्यातून आलेल्या मूळ आकड्यावर जातो, आणि तो आकडा स्वच्छ, कोऱ्या थ्रॉटलसाठी आहे. चकती तेवढीच उघडते, कडेला काजळी आहे, हवा कमी पडते, आरपीएम सहाशे, पाचशे, आणि बंद. सगळ्याच गाड्या अशा नसतात. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत हे आकडे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत लिहिले जातात, त्यामुळे त्या गाड्यांना हा त्रास कमी होतो. तुमची कुठल्या जातीची हे टर्मिनल काढल्यावरच कळतं, दुर्दैवानं.

याच पाटीवर आणखी एक हिशेब असतो, पेट्रोलचा. इंजेक्टर थोडे तुंबले असतील तर ईसीयूनं पेट्रोल पाच-दहा टक्के वाढवून द्यायची सवय लावून घेतलेली असते. तीही जाते. त्यामुळे आयडलिंगबरोबर सुरुवातीचे काही दिवस पिकअपही जरा मठ्ठ वाटतो. हा हिशेब मात्र गाडी चालवताना आपोआप पुन्हा जुळत येतो. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

पण प्रत्येक वेळी गुन्हेगार काजळीच असते असं नाही. दुसरा संशयित आहे वीज, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो पहिल्याच्या तोडीचा आहे.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरी भरायचं काम अल्टरनेटर करतो, ज्याला आपल्याकडे अजून बरेच जण डायनामोच म्हणतात. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि जितकी जास्त वीज मागाल तितका फिरायला जड होतो. पार उतरलेली बॅटरी सुरुवातीला चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढते. १४ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ७०० वॅट. अल्टरनेटरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तर इंजिनावर दीड हॉर्सपॉवरच्या वर ओझं. धावत्या इंजिनाला हे काहीच नाही. पण आयडलिंगला कसंबसं स्वतःला फिरवत ठेवणाऱ्या इंजिनाला ते जाणवतं. त्यात नवतपा, म्हणजे मे सरतानाचे ते नऊ तापते दिवस, चालू आहे, पारा ४५ वर आहे, एसी फुल, ब्लोअर चारवर, रेडिएटरचा पंखा सुटलेला. आणि आयडलिंगला अल्टरनेटर आपल्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली असतो. मागणी जास्त, पुरवठा कमी. एरवी मधली तूट बॅटरी भरून काढते, पण तीच रिकामी आहे. व्होल्टेज घसरलं की पेट्रोल पंप मंदावतो, इंजेक्टर उशिरा उघडतात, स्पार्क दुबळा होतो, आणि गाडी बंद. पंप बदलला तर चार दिवस बरं वाटेलही, कारण तोपर्यंत बॅटरी थोडी भरलेली असते.

म्हणजे एकाच लक्षणामागे दोन वेगळी कारणं. त्यांची ताटातूट करायला गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागत नाही. व्होल्ट मोजायचा चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणि थोडं निरीक्षण पुरतं.

गाडी बंद ठेवून, रात्रभर उभी राहिल्यावर, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर बाकीच्या चाचण्या बाजूला ठेवा, आधी ती चार्ज करून घ्या, कारण उपाशी बॅटरीवर केलेलं कुठलंही निदान खोटं ठरू शकतं. मग सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरकडे बघायला सांगा. बॅटरी भरलेली असूनही आकडा साडेनऊच्या खाली डुबकी मारत असेल तर तिचा जीव बहुतेक गेलेला आहे, पुन्हा चार्ज करून काही होणार नाही. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. आता हेडलाइट, ब्लोअर आणि एसी लावा. आकडा १३ च्या वर टिकला तर अल्टरनेटर निर्दोष. बारा-साडेबारावर येऊन हळूहळू खाली सरकत राहिला तर तुमचा रोगी अल्टरनेटर आहे, नाहीतर त्याचा पट्टा, नाहीतर मधली वायर. थ्रॉटल साफ करून उपयोग नाही.

टर्मिनल हातानं हलवून बघा. हलता कामा नये. नवी बॅटरी बसवताना क्लॅम्प अर्धवट आवळलेला राहणं ही इतकी साधी आणि इतकी वारंवार होणारी गोष्ट आहे की तिला वेगळा परिच्छेद द्यायला हवा होता. पांढरी-हिरवट बुरशी दिसत असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून, ब्रशनं साफ करून, कोरडं करून पुन्हा आवळा. काळी वायर बॉडीला जिथे जोडली आहे तो बोल्टही बघा. अर्थिंग सैल असलं की गाडी भुताटकी झाल्यासारखी वागते.

आणखी एक ठिकाण. बऱ्याच लहान गाड्यांत बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा शेजारीशेजारी असतात. बॅटरी काढा-घालायला हात आत गेला की फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज सुटतो, एखादी बोटभर जाडीची व्हॅक्यूमची नळी निसटते, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग अर्धा बाहेर येतो. चकती टाळून, न मोजलेली हवा आत जायला लागली की मिश्रण बिघडतं आणि आयडलिंग लडखडतं. इंजिन चालू असताना 'स्स्स' असा बारीक आवाज येत असेल तर ही नळी शोधा. म्हणजे बॅटरीवाल्यावरचा संशय कधीकधी खराही निघतो, पण दुरुस्ती फुकटात होते. आणि गाडी महिनाभर उभी होती म्हणून उंदरांनाही विसरू नका. वायरिंगचं वेष्टण कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग आहे, आणि गाडी कॉलनीतल्या झाडांखाली उभी असेल तर बॉनेट उघडून एकदा टॉर्च मारून बघणं बरं.

आता निरीक्षण. गाडी सुरू करा आणि पाय किंचित दाबून आरपीएम दीड हजारावर धरा. तशी धरल्यावर ती निवांत चालते आणि पाय काढल्याबरोबर विझते, तर हवेची फट आणि विसरलेला आकडा यावर संशय पक्का. दीड हजारावरही खोकते, झटके देते, तर पेट्रोल, स्पार्क किंवा निसटलेली नळी. खूप दिवस उभ्या गाडीच्या टाकीत थोडंसंच जुनं पेट्रोल असेल तर तेही कारण असू शकतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल धरतं. टाकी अर्धी ताज्या पेट्रोलनं भरून फरक पडतो का बघायला हरकत नाही, तेवढं पेट्रोल वाया तर जात नाही.

आणि सुरू होऊन एक-दोन सेकंदांत, कितीही पाय दाबला तरी, दर वेळी अगदी तेवढ्याच वेळानं बंद पडत असेल? आणि मीटरवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल? मग तो इमोबिलायझर, म्हणजे गाडीचं चोरीविरोधी कुलूप आहे. गाडीला तुमची किल्ली ओळखू येत नाहीये. दुसरी किल्ली लावून बघा. नाहीच जमलं तर कंपनीचा स्कॅनर लागतो, तिथे घरगुती इलाज नाही.

समजा वीज ठीक आहे, नळ्या जागेवर आहेत, आणि लक्षण पाय काढल्यावर विझण्याचं आहे. आता ईसीयूला पुन्हा शिकवायचं. याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि मॅन्युअलमध्ये दिली असेल तर तीच पाळावी. पण बहुतेक गाड्यांना चालणारा साधा क्रम असा. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी. एसी, लाइट, म्युझिक सगळं बंद. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा, ॲक्सिलरेटरला पाय न लावता दहा-पंधरा सेकंद थांबा. या वेळात बऱ्याच इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्या चकती पुढेमागे हलवून तिची मिटलेली जागा तपासून घेतात, कान दिला तर बारीक गुणगुण ऐकू येते. बंद करा, पुन्हा दहा सेकंद, मग सुरू करा. इंजिन गरम होऊन रेडिएटरचा पंखा एकदा तरी लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. सुरुवातीला बंद पडतच असेल तर पायानं थोडी रेस धरून गरम करून घ्या. त्यानंतर पाय पूर्ण काढून पाच-दहा मिनिटं नुसतं आयडलिंग. मग एसी लावून आणखी पाच मिनिटं, कारण एसीच्या ओझ्यासकट किती हवा लागते तो धडा वेगळा असतो. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक घट्ट दाबून, पुढे मोकळी जागा बघून, डीमध्ये टाकून तोच धडा पुन्हा.

होंडाच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मधे तीन हजार आरपीएमवर धरून पंखा लागेपर्यंत गरम करायचं आणि मग पाच मिनिटं सोडून द्यायचं असा क्रम आहे. निसानमध्ये पेडल ठरावीक सेकंदांनी ठरावीक वेळा दाबायची पद्धत आहे, ती घड्याळ लावून करावी लागते आणि चुकली की पहिल्यापासून. त्यापेक्षा स्कॅनरवाल्याकडे गेलेलं बरं, असं माझं मत. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांतही थ्रॉटलची जुळवणी स्कॅनरनं दोन मिनिटांत होते.

घरी शिकवणी झाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर मिश्र चालवून आणा. सक्करदरा किंवा महाल भागातली थांबत-थांबत गर्दी आणि मग वर्धा रोडनं जामठ्यापर्यंत मोकळा पट्टा, दोन्ही मिळतात. पण पहिल्या फेरीला गर्दीची वेळ आणि उड्डाणपूल टाळा. गाडी चालत असताना इंजिन बंद झालं तर पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, नंतर ब्रेकवर उभं राहावं लागतं. पुलावरून उतरताना हे व्हायला नको. तसं झालंच तर घाबरून किल्ली पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. न्यूट्रलमध्ये टाका, कडेला घ्या.

एवढं करूनही दोन-तीन दिवसांत सुधारणा नसेल तर काजळी इतकी आहे की नुसत्या शिकवणीनं भागणार नाही. थ्रॉटल बॉडी साफ करायची वेळ आली. काम अवघड नाही. नळी काढायची, थ्रॉटलसाठीच मिळणारा क्लीनर मऊ कापडावर घ्यायचा आणि चकतीच्या दोन्ही बाजू, विशेषतः कडा आणि ती जिथे टेकते ती रिंग पुसायची. पॉलिश पेपर लावायचा नाही, काही थ्रॉटलांना आतून लेप असतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती किल्ली चालू असताना बोटानं ढकलायची तर मुळीच नाही. आतले गिअर प्लास्टिकचे असतात, आणि मोटर अचानक फिरली तर बोट आपलं असतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर हा क्लीनर मारू नये, त्याचा वेगळा मिळतो.

इथे एक मजेशीर उलटा खेळ आहे. ज्या गाडीची स्मृती शाबूत आहे तिचा थ्रॉटल साफ केला की आयडलिंग एकदम बाराशे-पंधराशेवर जातं. ईसीयू अजून काजळीच्या हिशेबानं चकती जास्त उघडी ठेवतोय आणि काजळी तर गेली. म्हणजे स्मृती पुसून सफाई केली नाही तर गाडी बंद पडते, सफाई करून स्मृती पुसली नाही तर गाडी बोंबलते. सर्व्हिसिंगनंतर "गाडी जास्त रेस घेऊन राहिली" अशी तक्रार घेऊन जे परत येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं इंगित हेच.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर ईसीयूनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या. २०१३ पासूनच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, ब्लूटूथचं साधं यंत्रही त्यावर चालतं. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पी०१७१ आला तर ती निसटलेली नळी पुन्हा शोधा. कोड वाचून झाल्यावर लगेच पुसायला सांगू नका. काही यंत्रांत कोडबरोबर शिकलेले आकडेही पुसले जातात, मग शिकवणी पहिल्यापासून.

सीएनजीच्या गाडीत एक सोय आहे. पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हीवर आयडलिंग तपासा. दोन्हीवर विझत असेल तर हवा किंवा स्पार्क. फक्त गॅसवर विझत असेल तर गॅसचा रेग्युलेटर किंवा फिल्टर. फक्त पेट्रोलवर विझत असेल तर वर्षभर न वापरलेले पेट्रोलचे इंजेक्टर बहुतेक तुंबलेत, ज्याचा दोष बॅटरीला देता येत नाही. डिझेल गाड्यांत आयडलिंग हवेवर चालत नाही, इंजेक्टरनं सोडलेल्या डिझेलवर चालतं, म्हणून काजळीची ही कथा त्यांना लागू नाही. तिथे व्होल्टेज आणि डिझेलच्या लाइनमधली हवा बघायची. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ दुचाक्यांतही इंजेक्शन आणि ईसीयू आहे. बॅटरी बदलल्यावर स्कूटर दोन-तीन दिवस सिग्नलला विझत असेल तर तिलाही गरम करून दहा मिनिटं नुसती चालू ठेवून बघा.

दोन गोष्टी मात्र कोणालाही करू देऊ नका. पहिली, डायनामो चेक करतो म्हणून चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढणं. जुन्या ॲम्बेसेडरला ते खपत होतं. आजच्या गाडीत टर्मिनल सुटलं की अल्टरनेटरचा दाब काही क्षण सैरभैर वर उसळतो आणि ईसीयूसकट काहीही जाऊ शकतं. मल्टिमीटर असताना या शौर्याची गरज काय? दुसरी, "आयडलिंगच वाढवून देतो" म्हणून थ्रॉटलचा सील केलेला स्क्रू फिरवणं. तो स्क्रू चकतीच्या शून्याची खूण आहे. तो हलला की ईसीयूचा पायाच हलतो, आणि मग साफ करून, शिकवूनही गाडी ताळ्यावर येत नाही.

केबल लावून स्टार्ट करायची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. लाल केबल मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट. सुरू झाल्यावर लगेच गावभर फिरवली की बॅटरी भरते हा गैरसमज आहे. ३५ अँपिअर-अवरची पार उतरलेली बॅटरी चार्जरवर साडेतीन अँपिअरनं भरायला दहा-बारा तास घेते. अल्टरनेटरला उगाच राबवण्यापेक्षा बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला ठेवा, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं.

राहता राहिला पुढचा मे. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, ईसीयू मिळून तीस ते पन्नास मिलिअँपिअर खातच असतात. पन्नासनं ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सातशे तासांत, म्हणजे महिन्याच्या आत संपते. डॅशकॅम किंवा ट्रॅकर लावला असेल तर त्याहून लवकर. शिवाय आपल्या उन्हात बॅटरी आपोआपही वेगानं उतरते आणि तिच्या पट्ट्या आतून कुजतात. म्हणून सुट्टीला जाताना बरेच जण मायनसचं टर्मिनल काढून ठेवतात. बॅटरी वाचते, पण पाटी पुन्हा कोरी होते आणि काजळी असेल तर परत आल्यावर तोच तमाशा. थ्रॉटल नुकताच साफ केला असेल तर खुशाल काढा. नसेल तर किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा, नुसती जागेवर चालू करून ठेवायला नाही, आणि फिरवताना एसी बंद ठेवायला सांगा.